विश्लेषण : तोच चित्रपट, दुसऱ्यांदा! कोल्हापूरचा ‘सावकारी पाश’ दोनदा का बनला? मूळ श्रेष्ठ की नवी आवृत्ती?

जपानी अ‍ॅनिमेच्या चाहत्यांमध्ये एक वाद गेली अनेक वर्षे संपलेला नाही. ‘निऑन जेनेसिस इव्हँजेलियन’ ही मूळ मालिका चांगली की त्याच दिग्दर्शकाने पुढे काढलेले चार ‘रीबिल्ड’ चित्रपट? दोन्ही बाजूंचे लोक मोबाइलवर दोन्ही आवृत्त्या शेजारी शेजारी लावून एकेक दृश्य ताडून पाहतात.

असाच वाद कोल्हापुरातही रंगू शकला असता. त्यासाठी लागणारे सगळे साहित्य या शहराने जवळपास शंभर वर्षांपूर्वी तयार केले होते. ‘सैरंध्री’, ‘सिंहगड’, ‘सावकारी पाश’ हे महाराष्ट्र फिल्म कंपनीचे मूकपट होते. पुढे १९३३ ते १९३६ या काळात हेच तिन्ही चित्रपट कोल्हापुरात बोलपट म्हणून पुन्हा बनले. दोन मूळ दिग्दर्शकाच्या शिष्याने बनवले आणि एक खुद्द मूळ दिग्दर्शकाने. मग मूळ आणि नव्या आवृत्तीत काय बदलले? पुन्हा बनवण्याची गरज का पडली? आणि आज ही तुलना नीट का करता येत नाही?

‘रीमेक’ म्हणजे नेमके काय?

आपल्याकडे ‘रीमेक’ म्हटले की दुसऱ्या भाषेतली आवृत्ती डोळ्यांसमोर येते. ‘सैराट’ (२०१६) वरून हिंदीत ‘धडक’ (२०१८) आला, तसे. यात भाषा, कलाकार, गाव आणि बहुतेक वेळा दिग्दर्शकही बदलतो.

दुसरा प्रकार तंत्र बदलल्यामुळे जन्माला येतो. मूकपटाचा बोलपट होतो, कृष्णधवल चित्रपट रंगीत होतो. कथा तीच असते, पण ती सांगायचे साधन नवे असते.

तिसरा प्रकार सर्वांत दुर्मीळ. तोच दिग्दर्शक स्वतःचीच जुनी कलाकृती हातात घेतो आणि पुन्हा बनवतो. ‘इव्हँजेलियन’ या प्रकारातले. बाबूराव पेंटर यांचा ‘सावकारी पाश’ दुसऱ्या आणि तिसऱ्या अशा दोन्ही प्रकारांत बसतो.

‘इव्हँजेलियन’मध्ये काय घडले?

हिदेआकी आन्नो यांची मूळ मालिका ऑक्टोबर १९९५ ते मार्च १९९६ या काळात जपानी टीव्हीवर २६ भागांत आली. वरवर पाहता ती राक्षसी यंत्रमानव आणि परग्रहावरून आल्यासारख्या शत्रूंची लढाई होती. आत मात्र वडिलांनी झिडकारलेल्या शिंजी या चौदा वर्षांच्या मुलाची घुसमट होती. शेवटच्या दोन भागांत लढाई बाजूलाच राहिली आणि सारे काही पात्रांच्या मनात घडू लागले. प्रेक्षक चक्रावले, अनेक जण चिडले. १९९७ मध्ये वेगळा शेवट दाखवणारा चित्रपट आला, तोही काळाकुट्ट.

दहा वर्षांनी आन्नो यांनी ‘खारा’ या स्वतःच्या स्टुडिओतून तीच गोष्ट पुन्हा सुरू केली. चार चित्रपट आले : २००७, २००९, २०१२ आणि २०२१. तुलना करणाऱ्यांना यात एक स्पष्ट चढण दिसते.

• पहिला चित्रपट मूळ मालिकेच्या पहिल्या सहा भागांना जवळपास धरून चालतो. चित्र अधिक रेखीव, रंग अधिक भरीव.

• दुसऱ्यात वाट बदलू लागते. मारी नावाचे नवे पात्र येते. असुका या जुन्या पात्राचे आडनावही वेगळे आहे. ही तीच मुलगी नाही, असे सुचवणारी ती खूण.

• तिसरा चित्रपट थेट चौदा वर्षे पुढे उडी मारतो. मूळ मालिकेत यातले बरेचसे नाही.

• चौथा, अडीच तासांहून मोठा चित्रपट शिंजीला अखेर मोठा होऊ देतो. शेवटी पडद्यावर खरेखुरे रेल्वे स्टेशन आणि खरेखुरे शहर दिसते. ते उबे, आन्नो यांचे जन्मगाव.

मूळ मालिका बनवताना आन्नो पस्तिशीत होते, शेवटचा चित्रपट आला तेव्हा साठीत. तरुणपणी जो प्रश्न सुटला नव्हता, त्याला त्यांनी उतारवयात उत्तर दिले. म्हणूनच अनेक चाहत्यांना नवी आवृत्ती समजूतदार वाटते, तर अनेकांना मूळ मालिकेतली अस्वस्थताच खरी वाटते. दोन्ही मते मांडता येतात, कारण दोन्ही आवृत्त्या पाहता येतात. मूळ मालिका २०१९ पासून नेटफ्लिक्सवर आणि चौथा चित्रपट ऑगस्ट २०२१ पासून प्राइम व्हिडिओवर जगभर पोहोचला.

आता कोल्हापूर.

कोल्हापुरात हे सारे सुरू कसे झाले?

बाबूराव कृष्णराव मेस्त्री म्हणजेच बाबूराव पेंटर यांचा जन्म ३ जून १८९० चा, कोल्हापूरचा. घरात सुतारकाम, मूर्तिकाम, चित्रकला. बाबूराव आणि त्यांचे नात्यातले भाऊ आनंदराव यांनी संगीत नाटकांचे पडदे रंगवून नाव कमावले. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ मध्ये आला आणि दोघांनी चित्रपट काढण्याचा ध्यास घेतला. परदेशी कॅमेरा परवडणारा नव्हता. तेव्हा तो स्वतःच बनवायचे ठरले. १९१६ मध्ये आनंदराव गेले. बाबूरावांनी सहकाऱ्यांच्या मदतीने १९१८ च्या सुमारास कॅमेरा पुरा केला.

महाराष्ट्र फिल्म कंपनीला गायिका तानीबाई कागलकर यांनी पैशाचे बळ दिले आणि छत्रपती शाहू महाराजांचा आश्रय लाभला. कंपनीचा पहिला चित्रपट ‘सैरंध्री’ ७ फेब्रुवारी १९२० रोजी पुण्याच्या आर्यन थिएटरात लागला. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ म्हणून गौरवले, ते याच चित्रपटानंतर.

या कंपनीत विष्णुपंत दामले, एस. फत्तेलाल, केशवराव धायबर आणि व्ही. शांताराम तयार झाले. १९२९ मध्ये याच मंडळींनी बाहेर पडून, सीताराम कुलकर्णी यांना सोबत घेऊन, कोल्हापुरातच ‘प्रभात फिल्म कंपनी’ काढली. गुरूच्या गावात, गुरूच्या स्टुडिओशी स्पर्धा करणारा शिष्यांचा स्टुडिओ उभा राहिला.

१४ मार्च १९३१ रोजी ‘आलम आरा’ने हिंदी पडदा बोलका केला. फेब्रुवारी १९३२ मध्ये ‘प्रभात’चा ‘अयोध्येचा राजा’ हा मराठीतला पहिला बोलपट आला. मूकपटांचे दिवस भराभर सरले आणि गाजलेल्या जुन्या कथा नव्याने बनवण्याची लाट आली.

एका नजरेत : मूळ आणि पुनर्निर्मिती

• ‘सैरंध्री’ : मूकपट १९२०, बाबूराव पेंटर. बोलपट १९३३, व्ही. शांताराम.

• ‘सिंहगड’ : मूकपट १९२३, बाबूराव पेंटर. बोलपट १९३३, व्ही. शांताराम.

• ‘सावकारी पाश’ : मूकपट १९२५, बाबूराव पेंटर. बोलपट १९३६, बाबूराव पेंटर.

• ‘नेताजी पालकर’ : मूकपट १९२७, व्ही. शांताराम. बोलपट १९३९, भालजी पेंढारकर.

आवाज आल्याने नेमके काय बदलले?

आजच्या प्रेक्षकाला वाटेल, मूकपटात आवाज टाकला की झाला बोलपट. प्रत्यक्षात चित्रपटाची सगळी जडणघडणच बदलली.

पहिला बदल भाषेचा. मूकपटात संवाद पाट्यांवर लिहून दाखवत. पाटी बदलली की तोच चित्रपट मराठी, हिंदी, गुजराती, इंग्रजी जाणणाऱ्या प्रेक्षकांपर्यंत जाई. वाचता न येणाऱ्यांसाठी थिएटरात कुणीतरी पाट्या मोठ्याने वाचे. बोलपट मात्र एका भाषेत अडकला. म्हणून ‘प्रभात’ने ‘अयोध्येचा राजा’ मराठीबरोबर हिंदीतही काढला. एकाच सेटवर दोन भाषांत दोनदा चित्रीकरण, म्हणजे खर्च आणि मेहनत दोन्ही वाढले.

दुसरा बदल कलाकारांचा. पहिलवानी देह, बोलका चेहरा, घोडेस्वारी आणि तलवारबाजी हे मूकपटाच्या नटाचे भांडवल होते. बोलपटाला शुद्ध उच्चार आणि गाता गळा हवा होता. त्यामुळे मूकपटातले अनेक जण मागे पडले आणि संगीत रंगभूमीवरचे कलाकार पडद्यावर आले. ‘अयोध्येचा राजा’त हरिश्चंद्राची भूमिका आणि संगीत दोन्ही गोविंदराव टेंबे यांच्याकडे होते, ते उगीच नव्हे.

तिसरा बदल कॅमेऱ्याचा. मूकपटाचा कॅमेरा हाताने फिरवत. चित्रीकरण सुरू असताना दिग्दर्शक मोठ्याने सूचना देऊ शके. आवाजाचे ध्वनिमुद्रण सुरू झाल्यावर सेटवर टाचणी पडली तरी ऐकू जाई. कॅमेऱ्याची घरघर दाबावी लागे, नटांना ध्वनिग्राहकाच्या आसपास उभे राहावे लागे. सुरुवातीचे जगभरातले अनेक बोलपट नाटकासारखे ठोकळेबाज दिसतात, त्याचे हे एक कारण.

थोडक्यात, आवाजाने गाणे, संवाद आणि भाषेचा गोडवा दिला. त्याच वेळी, मूकपटाने कमावलेली चित्रातून बोलण्याची सवय काही काळ मागे पडली.

‘सैरंध्री’ : दोन्ही वेळा धाडस, पण वेगळे

पांडवांच्या अज्ञातवासात विराटाच्या घरी दासी होऊन राहिलेली द्रौपदी, तिच्यावर वाईट नजर ठेवणारा कीचक आणि त्याचा वध करणारा भीम. ही कथा मराठी माणसासाठी नुसती पौराणिक नव्हती. कृ. प्र. खाडिलकरांच्या ‘कीचकवध’ नाटकात (१९०७) लोकांना कीचकाच्या जागी लॉर्ड कर्झन दिसला होता आणि इंग्रज सरकारने १९१० मध्ये त्या नाटकावर बंदी घातली होती.

दहा वर्षांनी बाबूरावांनी तीच कथा पडद्यावर आणली. त्यांचे धाडस तीन ठिकाणी होते. विषयाला बंदीचा इतिहास होता. स्त्रियांच्या भूमिका पुरुषांनी करण्याच्या काळात त्यांनी गुलाबबाई (कमलादेवी) आणि अनसूयाबाई (सुशीलादेवी) यांना पडद्यावर आणले. आणि कॅमेरा परदेशी नव्हता, कोल्हापुरात घडवलेला होता. कीचकवधाचे दृश्य इतके हुबेहूब वठले होते, की प्रेक्षक हादरले आणि सरकारने ते कापायला लावले, असे सांगितले जाते.

१९३३ च्या ‘सैरंध्री’त शांताराम यांचे धाडस रंगाचे होते. चित्रपट कोल्हापुरात चित्रित झाला आणि रंगप्रक्रियेसाठी थेट जर्मनीला नेला गेला. पण हवे तसे रंग उतरले नाहीत आणि हा महागडा प्रयोग फसला. देशातच रंगप्रक्रिया झालेला पहिला चित्रपट म्हणून पुढे १९३७ च्या ‘किसान कन्या’ची नोंद झाली.

एकाच कथेच्या या दोन आवृत्त्या. पहिलीत साधने तुटपुंजी होती, पण जे करायचे ते घरच्या घरी साधले. दुसरीत आवाज होता, रंग होता, जर्मनीची प्रयोगशाळा होती. नेमका ज्या गोष्टीसाठी तिचा गाजावाजा झाला, तीच हातात आली नाही. आज चित्रपटाच्या इतिहासात ‘सैरंध्री’ म्हटले की १९२० चा चित्रपट आधी आठवतो.

‘सिंहगड’ : शेलारमामाच दिग्दर्शक झाला

‘सिंहगड’चे मूळ ह. ना. आपटे यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबरीत. १९२३ च्या मूकपटात बाबूराव स्वतः शिवाजी महाराजांच्या भूमिकेत होते. तरुण शांताराम यांनी पांढरी दाढी लावून शेलारमामा रंगवला होता. तानाजीची चढाई रात्रीची. त्या काळी चित्रीकरण सूर्यप्रकाशावर चाले. बाबूरावांनी रात्रीच्या प्रसंगांसाठी कृत्रिम प्रकाश वापरला, तो भारतीय चित्रपटातला या प्रकारचा पहिला प्रयत्न मानला जातो. चित्रपटाला मुंबईत तुफान गर्दी झाली. त्याच वर्षी मुंबई इलाख्यात लागू झालेल्या करमणूक कराचा संबंध अनेक जण या गर्दीशी जोडतात.

दहा वर्षांनी तोच शेलारमामा दिग्दर्शकाच्या खुर्चीत बसला. ‘प्रभात’च्या ‘सिंहगड’ला टेंबे यांचे संगीत होते. येथे आवाजाचा फायदा उघड होता. गडावरचे दोर कापून मावळ्यांना माघारी फिरवणारी ती हाक प्रत्येक मराठी मुलाला तोंडपाठ असते. मूकपटात असा संवाद पाटीवर वाचावा लागे. बोलपटात तो कानावर पडतो. वीररसाच्या कथेला आवाज हवाच होता आणि १९३३ मध्ये तो मिळाला.

मात्र एक फरक लक्षात घ्यायला हवा. १९३३ पर्यंत स्टुडिओत दिव्यांच्या प्रकाशात काम करणे ही रोजची बाब झाली होती. १९२३ मध्ये रात्र कशी दाखवायची, हा प्रश्नच होता. पुनर्निर्मिती करणाऱ्याला मूळ निर्मात्याने सोडवलेले प्रश्न आयते मिळतात. म्हणून दोन्ही आवृत्त्या शेजारी ठेवताना कोणती अधिक सफाईदार, एवढेच विचारून भागत नाही. ती सफाई आधी कोणी शोधून काढली, हेही पाहावे लागते.

‘सावकारी पाश’ : स्वतःशीच स्पर्धा का?

सर्वांत रोचक जोडी ही. नारायण हरी आपटे यांच्या कथेवरचा १९२५ चा ‘सावकारी पाश’ एका कर्जबाजारी शेतकऱ्याची गोष्ट सांगतो. सावकाराच्या कचाट्यात त्याची जमीन जाते आणि पोटासाठी त्याला शहरात जाऊन गिरणी कामगार व्हावे लागते. तरुण शेतकऱ्याची भूमिका शांताराम यांची होती. देव, राक्षस, चमत्कार, लढाया यांनी भरलेल्या काळात पडद्यावर एक साधा, हरलेला शेतकरी उभा राहिला. भारतीय वास्तववादी चित्रपटाची सुरुवात म्हणून अभ्यासक या चित्रपटाकडे बोट दाखवतात. अंधारी झोपडी आणि तिच्याजवळ रडणारा कुत्रा हे त्यातले दृश्य पाहणाऱ्यांच्या स्मरणात पुढची अनेक वर्षे राहिले.

विषय हवेतला नव्हता. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावापासून शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला होता. त्यांनी कर्जाचे कागद जाळले. त्यानंतर सरकारने १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. तरीही प्रश्न सुटला नव्हता. पण १९२५ चा प्रेक्षक पडद्यावर घरचेच दुःख पाहायला तयार नव्हता. बाबूरावांच्या पौराणिक आणि ऐतिहासिक चित्रपटांना मिळालेले यश ‘सावकारी पाश’च्या वाट्याला आले नाही.

अकरा वर्षांनी, १९३६ मध्ये, बाबूरावांनी शालिनी सिनेटोनसाठी तोच चित्रपट बोलपट म्हणून पुन्हा काढला. पुढे मराठी चित्रपटाचा लाडका नायक झालेले चंद्रकांत मांडरे यांच्या सुरुवातीच्या चित्रपटांत याचे नाव येते.

या अकरा वर्षांत तीन गोष्टी बदलल्या होत्या.

पहिली, शेती. १९२९ नंतरच्या जागतिक मंदीत शेतमालाचे भाव कोसळले. कर्जाचा आकडा तोच राहिला आणि ते फेडायला लागणारे धान्य मात्र वाढले. १९२५ मध्ये जी एका शेतकऱ्याची कहाणी होती, ती १९३६ पर्यंत घरोघरची झाली. १९३९ मध्ये मुंबई प्रांतात शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा झाला, यावरून प्रश्नाची धग कळते.

दुसरी, प्रेक्षक. सामाजिक विषयाची गोडी लागू लागली होती. पुढच्याच वर्षी ‘प्रभात’चा ‘कुंकू’ आला आणि गाजला. त्याचीही मूळ कादंबरी नारायण हरी आपटे यांचीच. म्हणजे १९२५ मध्ये जो लेखक आणि जो सूर प्रेक्षकांना झेपला नव्हता, तो बारा वर्षांनी लोकांनी उचलून धरला.

तिसरी, दिग्दर्शक. १९२५ चे बाबूराव कंपनीचे सर्वेसर्वा होते. १९३६ मध्ये त्यांची कंपनी बंद पडली होती, शिष्य पुण्यात जाऊन देशभर नाव कमावत होते आणि बाबूराव दुसऱ्याच्या स्टुडिओसाठी काम करत होते. तरीही पुन्हा बनवण्यासाठी त्यांनी आपल्या गाजलेल्या चित्रपटांपैकी एखादा निवडला नाही. जो चालला नव्हता, तोच घेतला.

आन्नो यांच्याशी तुलना येथे होते. त्यांनीही ज्या शेवटावर प्रेक्षक रुसले होते, तिथेच परत जाऊन काम केले. स्वतःची कलाकृती दुसऱ्यांदा बनवणारा दिग्दर्शक बहुधा यशाकडे परतत नाही. आपले म्हणणे नीट पोहोचले नाही, असे जिथे वाटते, तिथे तो परततो.

मग सरस कोणती आवृत्ती?

‘इव्हँजेलियन’च्या चाहत्यांनी वापरलेले निकष येथेही लावता येतात.

• तंत्र : बहुतेक वेळा नवी आवृत्ती पुढे असते. पण १९३३ च्या ‘सैरंध्री’ने दाखवले, की नवे तंत्र हाती असणे आणि ते साधणे यात अंतर असते.

• कथा : कोल्हापूरच्या जोड्यांत कथेचा गाभा तोच. आन्नो यांच्यासारखे कथेलाच वेगळे वळण देण्याचा हेतू येथे दिसत नाही. मुख्य फरक सांगण्याच्या साधनाचा.

• काळाशी नाते : ‘सावकारी पाश’ दोन्ही वेळा काळाला भिडला. पहिला काळाच्या पुढे होता, दुसरा वेळेवर आला.

• ठसा : तिन्ही जोड्यांत इतिहासात अधिक ठळक राहिली ती पहिली, मूक आवृत्ती.

हा शेवटचा मुद्दा विचार करायला लावणारा आहे. आवाज, गाणी, रंग, वाढलेला खर्च यांतले काहीही पहिल्या आवृत्तीला मागे टाकू शकले नाही. याचे एक कारण असे, की पुस्तके ‘पहिला’ या शब्दाची नोंद आधी घेतात. दुसरे कारण अधिक कडू आहे. पहिली आवृत्ती आता कोणालाच पाहता येत नाही आणि न पाहिलेल्या चित्रपटाचे दोषही दिसत नाहीत.

आज हे मूकपट कुठे आहेत?

१९२० चा ‘सैरंध्री’, १९२३ चा ‘सिंहगड’, १९२५ चा ‘सावकारी पाश’ हे तिन्ही हरवलेले चित्रपट मानले जातात. त्यांच्याबद्दल आज जे सांगितले जाते ते छायाचित्रे, जाहिराती, आठवणी आणि आत्मचरित्रांच्या आधारे. शांताराम यांचे ‘शांतारामा’ हे आत्मचरित्र त्यातला एक महत्त्वाचा आधार. बाबूरावांच्या १९२७ च्या ‘मुरलीवाला’सारख्या काही मूकपटांचे अंश तेवढे टिकले आहेत.

ही फक्त कोल्हापूरची गोष्ट नाही. भारतात १३०० हून अधिक मूकपट बनले. त्यांतले आज जेमतेम तीसच्या आसपास उरले आहेत आणि तेही बऱ्याचदा तुकड्यांत.

कारणे अशी :

• त्या काळची फिल्म सेल्युलोज नायट्रेटची असे. ती चटकन पेट घेते आणि एकदा पेटली की विझवणे अवघड.

• उष्ण, दमट हवेत ती चिकट होते, आक्रसते आणि शेवटी तिची भुकटी होते.

• फिल्ममध्ये चांदी असते. चित्रपट उतरला की प्रिंट वितळवून चांदी काढली जाई.

• बोलपट आल्यावर मूकपटाला बाजारात किंमत उरली नाही. ज्याची नवी, बोलकी आवृत्ती आली, त्याची जुनी प्रिंट जपायचे तर कारणच संपले.

शेवटचा मुद्दा पुनर्निर्मितीच्या चर्चेत सहसा येत नाही. नवी आवृत्ती जुनीची आठवण जागवते, पण त्याच वेळी जुनी प्रिंट अडगळीत टाकायला निमित्तही देते.

राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची स्थापना पुण्यात १९६४ मध्ये झाली. तोवर महाराष्ट्र फिल्म कंपनी बंद पडून तीस वर्षे उलटली होती. जे संग्रहालयात पोहोचले, तेही सारे वाचले नाही. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात जुन्या प्रभात स्टुडिओच्या आवारातील नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि अनेक दुर्मीळ चित्रपटांच्या मूळ प्रिंट खाक झाल्या.

गुरू-शिष्यांचे पुढे काय झाले?

‘प्रभात’ने १९३३ मध्ये आपला मुक्काम पुण्याला हलवला. बाबूराव कोल्हापुरातच राहिले. चौदा वर्षांनी दोघे पुन्हा एका चित्रपटाच्या श्रेयनामावलीत एकत्र आले. शांताराम यांच्या राजकमल कलामंदिरच्या ‘लोकशाहीर रामजोशी’ (१९४७) या चित्रपटाचे दिग्दर्शक म्हणून बाबूराव पेंटर यांचे नाव आहे, सोबत शांताराम यांचेही. १६ जानेवारी १९५४ रोजी बाबूरावांचे निधन झाले.

आता काय करता येईल?

कोल्हापुरात चित्रपटाच्या खुणा अजून आहेत. खरी कॉर्नरला बाबूरावांच्या कॅमेऱ्याची आठवण सांगणारा कॅमेरा मानस्तंभ उभा आहे. राजारामपुरीत चंद्रकांत मांडरे कलासंग्रहालय आहे. मोरेवाडीच्या चित्रनगरीत चित्रीकरण चालते. जयप्रभा स्टुडिओ वाचवण्यासाठी चित्रपटकर्मी २०२२ मध्ये रस्त्यावर उतरले. वास्तूंसाठी शहर जागे होते. कागद आणि फिल्मसाठीही तसेच जागे होण्याची गरज आहे.

महाराष्ट्र फिल्म कंपनी, प्रभात, कोल्हापूर सिनेटोन, शालिनी सिनेटोन येथे शेकडो हात राबले. सुतार, रंगारी, शिंपी, पहिलवान, वाजंत्री, कारकून. त्यांच्या घरांतल्या जुन्या ट्रंकांत अजूनही काही असू शकते. अशा घरांनी एवढे करावे :

• जुनी छायाचित्रे, गाण्यांच्या पुस्तिका, पोस्टर, करारपत्रे, पगाराच्या नोंदी रद्दीत घालू नयेत. मूकपट हरवला असला, तरी अशा कागदांवरून त्यातले एखादे दृश्य, एखादा नट, एखादा सेट ओळखता येतो.

• छायाचित्राच्या मागे कुणाचे नाव, वर्ष, ठिकाण माहीत असेल तर पेन्सिलने लिहून ठेवावे. घरातल्या वयस्कर माणसांना विचारून आजच.

• फिल्मचा डबा सापडला तर तो उन्हात, देवघराजवळ, स्वयंपाकघरात ठेवू नये. घरी प्रोजेक्टरवर चालवून पाहू नये. ती नायट्रेट असेल तर जिवावर बेतू शकते. डबा थंड, हवेशीर जागी ठेवून पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाशी संपर्क साधावा.

• मोबाइलने काढलेला फोटो ही नोंद म्हणून चांगली, पण मूळ कागदाची जागा तो घेत नाही.

थोडक्यात…

मूळ श्रेष्ठ की नवी आवृत्ती, या प्रश्नाचे उत्तर प्रेक्षकागणिक बदलते आणि तसे बदलावे. जपानचा प्रेक्षक १९९५ चा शिंजी आणि २०२१ चा शिंजी एकाच संध्याकाळी पाहून स्वतःचे मत बनवू शकतो. कोल्हापूरच्या प्रेक्षकाला १९२५ चा शेतकरी आणि १९३६ चा शेतकरी तसे शेजारी बसवून पाहता येत नाहीत. अंधारी झोपडी आणि रडणारा कुत्रा त्याला दुसऱ्याच्या आठवणीतून ऐकावा लागतो. चित्रपट पुन्हा बनवता येतो, हे बाबूरावांनी दाखवून दिले. हरवलेली पहिली प्रिंट मात्र कुणालाच पुन्हा बनवता येत नाही.